मेस्त्री म्हणायचे, ‘बघून येऊ!’

रिपेअरला आलेला पंप चार दिवसांत मालकाकडे परत जातो, पण त्याच्याबरोबर आलेली हकिकत दुकानातच राहते. सत्तर-ऐंशीच्या दशकात वसईजवळच्या होळी या ठिकाणी इनास मेस्त्रींचं पंप दुरुस्तीचं दुकान होतं आणि मी त्यांचा जोडीदार. ते वटारच्या ख्रिस्ती वाडीतले, मी इथल्या हिंदू बागायतदाराच्या घरातला. दोघांनी मिळून या पट्ट्यातल्या इतक्या विहिरी पाहिल्या की एक किस्सा सांगायला घ्यावा, तर मागून तीन धक्के मारतात!

मेस्त्री शिकलेले जेमतेम सातवी. पण कुणी काहीही सांगितलं तरी त्यांचं उत्तर एकच, ‘बघून येऊ!’

* * *

एका केळीवाल्याचा पंप एकदा बंद केला, की पुन्हा चालू केल्यावर कोरडाच फिरायचा. ‘शेजाऱ्यानं करणी केलीय,’ असं तो शपथेवर सांगत होता. मोटारीवर लिंबू-मिरची बांधलेली.

मेस्त्रींनी लिंबू-मिरचीला हात लावला नाही. पाइप वर काढला, त्याच्या तळाच्या झडपेत, फूट व्हॉल्व्हमध्ये, बोट घातलं आणि केळीच्या सुक्या पानाचा तुकडा बाहेर ओढला. ‘हे अडकून झडप मिटत नव्हती. पंप थांबला की पाइपातलं पाणी परत विहिरीत पळत होतं.’

मालक ओशाळला. ‘मग लिंबू सोडू का?’

‘असू दे की! फक्त खाली जाळी लाव. पानाला लिंबू दिसत नाही!’

* * *

माझ्या काकांना नवी विहीर खणायची होती. त्यांनी पाणाड्या बोलावला. म्हातारा तळहातावर नारळ आडवा ठेवून वाडीभर फिरला. चिकूखाली नारळ उभा राहिला!

मेस्त्री हात जोडून म्हणाले, ‘बाबा, डोळे बांधून पुन्हा तीच जागा दाखवाल?’

म्हातारा आनंदानं तयार झाला. तीनदा फिरला आणि तीन वेगळ्या जागा निघाल्या. एक तर चक्क गोठ्यात! आम्ही सगळे खो खो हसलो. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘मी लबाडी नाय करत हो!’

‘हसू नका,’ मेस्त्री आमच्यावर कडाडले. ‘नारळ उभा राहतो, मी स्वतः पाहिलं. तो पाण्यामुळे राहतो का, एवढंच बघायचं होतं. आणि यांनी डोळे बांधून घेतले. तुमच्यातल्या कितीजणांनी घेतले असते?’



* * *

मेस्त्री कधी चुकायचे नाहीत असं समजू नका. रत्नाबाई म्हणून एक पानवेलीवाल्या होत्या. त्यांची मोटार मध्येच बंद पडायची. मेस्त्रींनी लांबूनच निकाल दिला, ‘वाइंडिंग गेलं, आतली तार जळली.’

‘मेस्त्री, पिठाची गिरणी चालू असली की मगच बंद पडते ती,’ रत्नाबाई म्हणाल्या.

आम्ही दोघं हसलो. त्या निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी मेस्त्रींनाच चैन पडेना. ‘चल, बघून येऊ.’ आम्ही पानवेलीत बसून राहिलो. गिरणीची घरघर सुरू झाली, ओटीवरचा दिवा मंदावला आणि मोटार आचका देऊन थांबली. गिरणी आणि मोटार एकाच लाइनवर होत्या, गिरणी चालली की मोटारीला वीज पुरत नव्हती!

मेस्त्री तडक रत्नाबाईंसमोर गेले. ‘बाई, तुम्ही पाहिलं होतं. मी नुसतंच ठरवलं होतं. माझं चुकलं.’

पुढे महिनाभर दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला ते ही गोष्ट सांगत होते. लोक आपली हुशारी मिरवतात, हा माणूस आपली चूक मिरवायचा!

* * *

एका उन्हाळ्यात बुजत आलेली जुनी विहीर साफ करायची होती. गडी उतरायला तयार. मेस्त्रींनी त्याला थांबवलं आणि पेटता कंदील दोरीनं खाली सोडला. निम्म्यावर ज्योत बारीक झाली आणि विझली. पुन्हा पेटवला, पुन्हा तिथंच विझला.

मालक पांढराफटक. ‘खाली कुणीतरी फुंकर मारतंय!’

‘ते मग ठरवू. जिथं कंदील जगत नाही, तिथं माणूस उतरणार नाही.’

मग त्यांनी छत्री उघडून दोरीला उलटी बांधली आणि तासभर आम्ही ती विहिरीत खालीवर केली. आतली कोंडलेली हवा घुसळली गेली, ताजी आत शिरली. आता मात्र कंदील तळापर्यंत पेटता राहिला. तरी मेस्त्री कमरेला दोरी बांधून आधी स्वतः उतरले. दोर मी धरला होता.

ते वर आल्यावर गडी मला हळूच म्हणाला, ‘भुताला मी कधीच घाबरलो नाय. पन या न दिसनाऱ्या हवेला आता जन्मभर घाबरीन!’

* * *

आणि आता हा शेवटचा किस्सा. किनाऱ्याकडची एक वाडी. नाव घेत नाही, तिथली माणसं अजून बाजारात भेटतात. मुलं सगळी वाचली, हे आधीच सांगून टाकतो.

आठवडाभर वाडीतल्या लहानथोरांना जुलाब-उलट्या चालल्या होत्या, मुलांना जास्तच. औषधानं उतार पडेना. वाडीच्या टोकाला सखूबाई ही विधवा एकटी राहायची. नवरा गेल्यापासून लोक तिला चेटकीण म्हणत, सामाईक विहिरीवर फिरकू देत नसत. ती परसातल्या आपल्या लहानशा विहिरीचं पाणी प्यायची.

आम्ही सामाईक विहिरीवर पंप बसवायला गेलो, तर पंधरा-वीस माणसं सखूबाईला हाकलायला तिच्या दारात उभी. काहींच्या हातात काठ्या.

‘सगली वाडी आजारी, हीच एकटी बरी कशी?’ एक बाप ओरडला.

मेस्त्री मध्ये शिरले. ‘प्रश्न बरोबर आहे. ती बरी कशी? बघून येऊ!’

त्यांनी एकेकाला विचारलं, पाणी कुठलं पिता? सगळ्यांचं उत्तर एकच, सामाईक विहीर. मेस्त्री सगळ्यांना तिथं घेऊन गेले. कठडा एका अंगाला फुटलेला, आणि गुरं धुतलेलं पाणी त्या भगदाडातून थेट आत उतरत होतं.

‘ही विहीर बंद करा. तोवर सखूबाईंच्या विहिरीचं पाणी उकळून मुलांना द्या.’

‘चेटकिनीचं पानी पोरांना पाजू?’

मेस्त्री माघारी वळले, लोक मागोमाग. ते सखूबाईच्या ओटीवर बसले. ‘मावशी, तहान लागलीय. पाणी द्याल?’

तिनं तांब्या आणला.  मेस्त्रींनी सगळ्यांदेखत अर्धा तांब्या रिता केला आणि उरलेला माझ्यापुढे धरला. खरं सांगतो, इतकी वर्षं या माणसाबरोबर काढूनही मी आधी तांब्यात दोनदा डोकावून पाहिलं. पण प्यायलो.

काठ्या खाली झाल्या, पुढे मात्र कुणी येईना. शेवटी त्या ओरडणाऱ्या बापाची बायको गर्दीतून वाट काढत आली. तिचा लहानगा घरात निपचित पडला होता. कडेवर रिकामा हंडा.

‘काकी, पानी भरू?’

सखूबाईनं वाकून हंड्यात पाहिलं.

‘भर. पन पयला हंडा घासून आन.’