मालिका पुन्हा सुरू झाली तेव्हा

हसू यायच्या आधीच तिचा पदर तोंडाशी जायचा. आपण हसण्यात रंगलो की मागून आवाज यायचा, "हसा, पण बेतानं." आमच्या दूध सोसायटीत टीव्ही बघायला येणाऱ्यांत अशी ती एकटीच. समोर विनोदी मालिका आणि हिचं तोंड दवाखान्याच्या बाकड्यावर बसल्यासारखं.

मी तेव्हा तामलवाडीच्या बाजूच्या एका गावात सोसायटीचा सचिव होतो. दुष्काळानं दूध आटलं होतं, पण बऱ्या साली घेतलेला टीव्ही शाबूत होता. रविवारी सकाळी दूध घालून झालं की माणसं तिथंच बूड टेकायची. मालिका हिंदी, एका हसऱ्या कुटुंबाची. ही काकू आधी सगळ्यांत पुढं बसायची आणि सगळ्यांत मोठ्यानं हसायची, हे सांगून तुम्हाला खरं वाटणार नाही. मालिकेचं पहिलं पर्व संपलं त्या रविवारी तर हसून हसून तिला ठसका लागला होता. त्याच दुपारी गावची विहीर खोल करताना दरड कोसळली आणि तिचा नवरा दगडांखाली गेला.

फार हसलं की रडावं लागतं, असं आपण सगळेच म्हणतो आणि विसरतो. तिनं ते मनाला लावून घेतलं. घरात मिळवतं दुसरं कुणी नव्हतं. विहिरीवरच्या मुकादमानं नवऱ्याची पहार तिच्या लग्नाच्या वयाच्या पोराच्या हातात दिली आणि काम पुढं चालू झालं.

काही महिन्यांनी मालिकाही पुन्हा सुरू झाली. आता ती दाराशी बसायची, डोळे टीव्हीकडे आणि कान विहिरीकडे. दुसऱ्या पर्वात बापाचं काम करणारा नट बदलला होता. आम्ही नावं ठेवली. हा फार जाडा, ह्याला हसवता येत नाही. तिचं वेगळंच.

"भाऊ, पयला कुठं गेला?"

"काम सोडलं असेल, काकू."

"मग पोरं कशी विचारीनात? बायकू बी ह्याला चा देती, जसं काय तोच हाय."

"नाटकच ते."

"हिथं बी तसंच हाय की. एक गेला, दुसरा उतरला. कुणी विचारतंय?"

त्या दिवसापासून मालिकेतलं ते घर मलाही धड वाटेना. सगळे हसताना मी त्या नव्या बापाकडे बघत बसायचो.

विहिरीत खडकाला भोकं पाडून सुरुंग भरत आणि दिवस मावळताना उडवत. त्याआधी सगळे वर यायचे आणि काठापासून लांब उभं राहून बार मोजायचे. जितकी भोकं तितके बार झाले, तरच सकाळी खाली उतरायचं, हा तिथला रिवाज. दुपारी भोकं किती पाडली ते पोराला विचारून तीही उंबऱ्यात उभी राहून मोजायची.

एका शनिवारी तिच्या मोजणीत एक बार कमी भरला. ती तडक मुकादमाकडे गेली. तो म्हणाला, "दोन बार एकदम उडालेत, काकू. मुकादम म्या हाय का तुमी?" पाणी लागायची घाई सगळ्या गावाला होती. कुणीच तिची बाजू घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी दूध घालायला आली ती पोराला दंडाला धरूनच. त्याला टीव्हीसमोर बसवलं आणि स्वतः दारात आडवी बसली. पोरगा लाजून अर्धमेला झाला होता.

"आई, जाऊ दे की. लोकं हसाय लागलीत."

"हसू दे. तू बस."

आम्ही हसत होतो, हे खरं आहे. पण तिचे ओठ पांढरे पडले होते. ते बघून माझं हसू आटलं.

मालिकेतला नवा बाप शिडीवरून घसरत होता, तेवढ्यात विहिरीकडे धडाका झाला. भर सकाळी, कुणी आरोळीही न देता. टीव्हीतली माणसं हसत राहिली आणि खोलीत कुणी हलेना. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. तिनं पोराचं डोकं दोन्ही हातांनी चाचपलं आणि विचारलं, "तुझ्या जागी कोण उतरलं?"

शेजारच्या वस्तीवरचा एक पोरगा उतरला होता. न उडालेल्या सुरुंगावर त्याची पहार बसली. जीव वाचला, डोळे गेले.

गाव तिला शहाणी म्हणू लागलं. बायका तर पाया पडायच्याच बाकी होत्या. तिला ते ऐकवेना. म्हैस दिराच्या दावणीला बांधून ती पोरासकट निघाली. जाताना सोसायटीची दुधाची बरणी परत करायला माझ्याकडे आली.

"मुरुम गावाला भावाकडं चाललोय. पर त्या पोराच्या आईनं विचारलं तर सांगू नका, भाऊ. तिनं म्होरं उभं राहून माझं पोरगं बघितलं, तर म्या काय करू?"

पुढच्या रविवारी ती आई खरंच आली. मालिका चालू होती. मी उठून टीव्ही बंद केला.

"त्या बाई कुठं गेल्यात?"

"ठाऊक नाही," मी म्हणालो.

ती दाराशी टेकली.

"भांडाय न्हाय आले," ती म्हणाली. "माझं पोरगं सारखं इचारतंय, त्यांचा पोरगा पुन्ना खाली उतरला का म्हणून. उतरू देऊ नका म्हणावं. तेवढंच सांगाया आले."