रिकाम्या गाडीत मागं बसायचं न्हाय

दस्तगीरमामा गेल्याची बातमी आली तेव्हा मी गाडीतल्या ऑक्सिजन सिलिंडरची चावी पुन्हा पुन्हा तपासत होतो. मला ती खोडच आहे, एकदा बघून समाधान होत नाही. फोनवर त्यांचा मुलगा होता. "अब्बा झोपेतच गेले," एवढंच बोलला... मी फोन ठेवला आणि परत चावी तपासली. अॅम्ब्युलन्सवर मामा चालक आणि मी पेशंटजवळ मागं बसणारा मदतनीस. त्यांना जाऊन आता महिना होत आला.

मी यवतमाळकडचा. नववीत शाळा सुटली आणि गावातल्या एकाच्या ओळखीनं कोल्हापुरात या गाडीवर लागलो. पहिल्याच दिवशी 'का' म्हणायच्या जागी माझ्या तोंडून गावाकडचं "काहून?" निघालं आणि मामांनी माझं बारसं उरकलं. "ए काहूनराव, स्ट्रेचरचा पट्टा आवळ की!" आवाज असा, की पेशंटही दचकावा.

पहिला मोठा अपघात हुपरी रस्त्यावरचा. दवाखाना यायच्या आधीच तो माणूस गेला. त्याचं मनगट मी धरलं होतं, ते सोडवेना. पेशंट उतरवला, गाडी धुतली, आणि मी परत मागंच जाऊन बसलो. मामांनी दार उघडलं. "रिकाम्या गाडीत मागं बसायचं न्हाय. पुढं ये." काच खाली करायला लावली. "आता पाट्या वाच. मोठ्यानं." माणूस मेलाय आणि यांना चेष्टा सुचतेय, असं वाटलं. तरी वाचू लागलो, अडखळत. पैंजणांचं दुकान, पंक्चर, पिठाची गिरणी, मंगल कार्यालय... "मंगल कार्यालयाला एवढं रडकं तोंड? परत वाच!" थांब्यावर येईपर्यंत हसू काही आलं नाही, पण श्वास जागेवर आला. त्या दिवशी मी गावी पळणार होतो. राहिलो. पुढं प्रत्येक अवघड फेरीनंतर हेच. मामांनी कधी उपदेश केला नाही.

मामांचं काय, हे मला फार उशिरा सुचलं. एकदा लहान मूल होतं. त्याची आई वाटभर हाका मारत होती. परतताना मामांनी पाट्यांचं नावच काढलं नाही. गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंग धरून बसून राहिले. मागचं सगळं पुढं ऐकू येतं, आणि चालकाला वळूनही बघता येत नाही... मी समोरची पाटी वाचली. मग शेजारची. दिसत होत्या तेवढ्या संपल्या. "मामा, गाडी पुढं घ्या, पाट्या संपल्या." गिअर पडला. "व्हय काहूनराव," मामा म्हणाले, "तुझ्या गावाकडं दुकानं तरी हायत काय?" त्यानंतर एक पाटी त्यांची, एक माझी.

मामा गेल्याचं कळल्यावर आईनं फोनवर विचारलं, "आता तिथं कोण आहे तुझं?" फोन ठेवून मी बॅग भरून ठेवली.

गेल्या आठवड्यात नवा चालक संतोष याची पहिली वाईट फेरी झाली. गाडी धुताना पाइप हातात तसाच, पाणी वाहतंय, आणि हा भिंतीकडं बघतोय. मी पुढच्या सीटवर जाऊन बसलो. तो तडकला, "मला काय बी झालेलं न्हाय!"

"नसेल. मला झालंय. तू गाडी हळू घे, मी पाट्या वाचतो."

वेड्याकडं बघावं तसा त्यानं माझ्याकडं बघितलं. पण निघाला हळूच. नाक्यापाशी माझी एक पाटी राहिली, ती त्यानं तोंडातल्या तोंडात वाचली.

आईला अजून फोन केलेला नाही. पण पाळ्या बदलतील तेव्हा मला संतोषच्याच गाडीवर ठेवा, एवढं साहेबांना सांगून आलोय.