रेकॉर्डवरचं ‘अगं बाई’

आम्ही नागपूरहून अमेरिकेत, टेक्ससमधल्या प्लेनोला आलो तेव्हा मी तिसरीत होते. पुढे शाळेच्या बँडसाठी वाद्य निवडायची वेळ आली. मी बासरी घेईन असं आईने गृहीत धरलं होतं. मी ड्रम्स घेतले. बाबा म्हणाले, “घरात नको, गॅरेजमध्ये वाजव.” त्यामुळे त्यांची गाडी बाहेर गेली आणि टेक्ससच्या उन्हात भाजू लागली. दुपारी कुठे निघायचं झालं की ते स्टिअरिंग हातरुमालाने धरायचे. पण तक्रार नाही.

कॉलेजात आमचा रॉक बँड जमला. एक गाणारी, एक गिटारवाला, एक बेसवाला आणि ड्रम्सवर मी. शिक्षण संपलं तसं आम्ही सगळे न्यू जर्सीला आलो आणि एका जुनाट व्हॅनमधून गावोगाव वाजवत फिरलो. व्हॅनचा हीटर कधी बंदच व्हायचा नाही, त्यामुळे भर थंडीत खिडक्या उघड्या ठेवून, घसा फोडून गात आम्ही जायचो. मजेचे दिवस होते ते.

आमच्या दुसऱ्या अल्बमच्या वेळी एक गोष्ट घडली. बाकीचे तिघं जेवायला गेले होते. मी स्टुडिओत, वाजवायच्या खोलीच्या काचेच्या अलीकडे, रेकॉर्डिंग करणाऱ्या इंजिनिअरच्या मागे बसले होते. तो साठीच्या पुढचा, कमी बोलणारा माणूस. आमचं गाणं लावून त्याने विचारलं, “काय ऐकू येतंय तुला?”

मी म्हटलं, “गिटार गाणारीच्या अंगावर चढून बसलीय.”

तो खुर्चीतून उठला. “मग उतरव तिला. बस इथे.”

मी गिटारचा आवाज जरासा खाली ओढला, थोडा बाजूला सरकवला, आणि आमच्या गाणारीचा आवाज असा पुढे आला की माझ्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं तिच्या मागे बसून वाजवत होते, पण ती इतकी छान गाते हे मला तेव्हा कळलं. बाकीचे परत आले, त्यांनी ऐकलं. गिटारवाल्याने एवढंच विचारलं, “हे कोणी केलं?” त्याची गिटार मी कमी केली होती, तरी तो हसत होता.

पुढे गाणारीला जुळी झाली, बेसवाला वकिलीकडे वळला आणि बँड हसतखेळत संपला. आईने फोनवर विचारलं, “आता तरी नोकरी बघशील ना?”

“बघितली आई. काचेच्या अलीकडची.”

रेकॉर्ड प्रोड्युसर म्हणजे पैसे घालणारा, असं आमच्या नातेवाइकांना वाटतं. माझं काम वेगळं. गाणं कसं वाजायला हवं ते ओळखायचं, आणि वाजवणाऱ्यांकडून ते तसं काढून घ्यायचं.

मी प्रोड्युस केलेला पहिला अल्बम तीन मुलींचा होता. त्यांच्यातली गाणारी जर्सी सिटीत वाढलेली, मराठी आईबापांची, बोलणं सगळं इंग्रजीत. मला मात्र आवर्जून ताई म्हणायची. सगळी गाणी छान झाली, एकच अडून बसलं. ते तिने आईवर लिहिलं होतं आणि आईला त्याचा पत्ता नव्हता. माइकसमोर उभी राहिली की ती तोंडी परीक्षेला आल्यासारखी जपून गायची. मी दिवे मंद केले, तिला चपला काढायला लावल्या, तिघींना एकाच खोलीत एकत्र वाजवायला बसवलं. थोडा फरक पडला, पण गाणं काही सुटेना.

त्या संध्याकाळी तिची आई मॅनहॅटनमधल्या ऑफिसातून परस्पर तिथे आली. लेकीने सकाळपासून काही खाल्लं नसेल म्हणून हातात सकाळीच भरून ठेवलेला साबुदाणा खिचडीचा डबा. रेकॉर्डिंग चालू असल्याचा दारावरचा लाल दिवा त्या काकूंना एक्झिटचा वाटला. गाण्यात शेवटच्या ध्रुवपदाआधी सगळी वाद्यं क्षणभर थांबतात, नेमक्या त्याच क्षणी काकूंनी दार उघडलं. समोर लेक: डोळे मिटलेले, केस मोकळे, पाय अनवाणी.

“अगं बाई!” काकू खणखणीत आवाजात म्हणाल्या.

मुलीने डोळे उघडले. आईला बघून तिला खदखदून हसू फुटलं, आणि त्या हसण्यातच तिने ध्रुवपद उचललं. काय आवाज लागला म्हणून सांगू! ड्रम्सवालीने तो उत्साह पकडला, गिटार मागोमाग धावली. काचेच्या अलीकडे मी श्वास रोखून उभी होते. कोणी थांबू नका, एवढंच मनात म्हणत होते. कोणी थांबलं नाही.

“सॉरी हं, मी काही बिघडवलं का?” गाणं संपल्यावर काकूंनी विचारलं.

“मॉम, यू रुइन्ड इट!” लेक अजून हसतच होती.

मी ते परत लावलं. सगळ्या ऐकत राहिल्या. संपल्यावर मुलगी हळूच म्हणाली, “ताई, डोन्ट टच इट.”

काकू घाबरल्या. “अहो, तेवढं माझं काढून टाका. ऑफिसातले ऐकतील.”

“काकू, ते प्रत्येक माइकमध्ये शिरलंय. काढलं तर गाणंच जाईल.”

“मग निदान परत तरी म्हणू द्या. नीट म्हणते.”

म्हणू दिलं. काकूंनी गोड, गंभीर, बातम्या दिल्यासारखं, हरतऱ्हेने म्हणून बघितलं. पहिल्याची सर एकालाही नव्हती. शेवटी त्यांनीच हात टेकले आणि डबा उघडला. गाणं कोणावर आहे ते लेकीने खिचडी खाताना सांगितलं. काकू डब्याच्या झाकणात तिला आणखी खिचडी वाढत राहिल्या.

अल्बम आल्यावर ब्रुकलिनमध्ये त्या मुलींचा कार्यक्रम झाला. त्या गाण्यात शेवटच्या ध्रुवपदाआधी वाद्यं थांबली आणि सगळा हॉल ओरडला, “अगा बाय!” मी उडालेच. काकू मागे कोट सांभाळत उभ्या होत्या. शेजारच्या दाढीवाल्या गोऱ्या तरुणाला त्या समजावू लागल्या, “नो, नो, अगा नाही. अगं. अ-गं.” तो मन लावून घोकत होता.

त्या अल्बमनंतर कामं येत गेली. आता जर्सी सिटीत माझा स्वतःचा छोटा स्टुडिओ आहे, लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर. शनिवारी खालचे ड्रायर सुरू झाले की जमीन थरथरते, मग आम्ही रेकॉर्डिंग थांबवून जेवून घेतो. स्टेजची आठवण येते का, असं लोक विचारतात. येते. म्हणून एखाद्या गाण्यात टाळ्या हव्या असल्या की मी मुद्दाम बाहेरचं कोणी बोलवत नाही. खुर्ची सोडते, काचेच्या पलीकडे जाते आणि सगळ्यांच्या मधोमध उभी राहून हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवते.