फळ्यावरचे थोर जन्म

फळा दर रविवारी पुसला जातो, पण खालच्या पट्टीवर खडूची भुकटी साचतेच. कानडी मुलखातल्या शिवाजीनगरच्या आमच्या मराठी मंडळाचे किस्सेही तसेच साचले आहेत. पुसणाऱ्यांना वाटतं, कुणाच्या लक्षात राहत नाही!

मंडळाच्या दारात ‘आजच्या दिवशी’ असा फळा आहे. त्या तारखेला जन्मलेली थोर माणसं आणि घडलेली एखादी राजकीय घटना त्यावर असते. मजकूर सांगतात सेक्रेटरी कारखानीस काका, सरकारी फॅक्टरीतले इंजिनियर. लिहिते मी, कारण माझं अक्षर बरं आहे आणि मी उलट बोलत नाही.

*

एकदा काकांना राजकीय घटना सापडेना. म्हणाले, “लिही, मंत्रिमंडळ कोसळलं.”

“कुठलं, काका?”

“जग मोठं आहे. कुठलं तरी कोसळलंच असेल!”

त्या वर्षी आमच्या फळ्यावर कितीतरी मंत्रिमंडळं कोसळली, पण एकाही सभासदाला धक्का बसला नाही.

*

विम्याचं काम करणारे दिवेकर एका मोठ्या पुढाऱ्याचं नाव वाचून थबकले. “अहो, माझाही जन्म आजचाच! वेळसुद्धा पहाटेचीच! खाली माझं नाव घालता येईल का?”

काका चष्मा पुसत म्हणाले, “पहाटेपर्यंत दोघं बरोबर होतात. पुढे तुमचं काय अडलं?”

*

राज्यांची फेररचना झाली ती तारीख एकदा नेमकी रविवारी आली. बेळगावकडची मंडळी म्हणाली, “दुःखाचा दिवस लिहा.” इथली जुनी घराणी कानडी ढंगात म्हणाली, “आनंदाचा! स्वल्प समजून घ्या, अण्णा!” शेवटी मी फळ्याच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे आनंद, उजवीकडे दुःख.

अध्यक्ष दादासाहेब नेहमी उशिरा येतात, दारातून जाताना फळ्यावर नजर टाकतात आणि तेवढ्या शिदोरीवर अर्धा तास बोलतात. त्या दिवशी त्यांनी सुरुवात केली, “दोन्ही बाजूंचं मी मनःपूर्वक अभिनंदन करतो!”

*

फळ्यावर एकदा तरी बाईचं नाव लिहावं, असं मला फार वाटायचं. दर रविवारी मिशीवाल्यांचीच नावं! बरेच दिवस धीर गोळा करून मी काकांना त्यांच्या घरी जाऊन विचारलं.

ते हसले. “बायकांच्या जन्मतारखा कुणी टिपून ठेवतं का?”

कॉफी घेऊन आलेल्या काकू म्हणाल्या, “माझी सांगा बघू.”

काकांनी आढ्याकडे पाहिलं. “संक्रांतीच्या आसपास.”

काकू आत गेल्या. काका माझ्याकडे वळले, “मी सांगेन तेवढंच लिहायचं. डोकं चालवलंस तर खडू दुसऱ्याच्या हातात जाईल!”

*

मग एका रविवारी काकांना ताप आला. निरोप आला, ‘आज कुणी थोर जन्मलेलं सापडलं नाही. जागा कोरी सोड.’

आमच्या शेजारच्या लक्ष्मीअक्कांना त्याच पहाटे मुलगी झाली होती. रखमाअज्जींनी, म्हणजे अक्कांच्या सासूबाईंनी, नातीचं नावही आधीच ठरवून ठेवलं होतं. मी खडू उचलला. अक्षर नेहमीपेक्षा सुंदर आलं: ‘जन्म: तुंगभद्रा शिंदे.’ साल लिहिलं नाही.

दादासाहेब आले. नजर टाकली. व्यासपीठावर चढले.

“तुंगभद्राबाई! काय त्यांचा त्याग! आज देशात जी स्त्रीशिक्षणाची गंगा दिसते, तिचा उगम त्यांच्या घरात आहे. माझ्या वडिलांना त्यांचा सहवास लाभला होता.”

दिवेकर पुढच्या रांगेत मान डोलवत होते. म्हणाले, “आम्ही लहानपणी पाहिलंय त्यांना!”

दादासाहेबांनी रुमाल काढून डोळे टिपले. “अशी माणसं आता राहिली नाहीत. चला, दोन मिनिटं उभे राहून त्यांना श्रद्धांजली वाहू.”

सगळं मंडळ माना खाली घालून उभं राहिलं. तेवढ्यात पेढ्यांचा डबा घेऊन रखमाअज्जी दारात आल्या. घाबरून त्यांनी दिवेकरांच्या कानाशी विचारलं, “अय्यो, कोण गेलं हो?”

दिवेकर डोळे मिटूनच कुजबुजले, “तुंगभद्रा शिंदे.”

“काय बोलताय! आत्ताच दूध पाजून झोपवलंय तिला!”