एका जोडीचा दंड

अक्षर वाईट आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकत असेल, त्याची माफी असावी. शाळा चौथीपर्यंतच झाली. ती तिथेच का थांबली, हेही यात येईलच.

बाबा गेल्याचा भावाचा फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. फोन ठेवला आणि कणीक मळून पूर्ण केली. पोळ्याही केल्या. मग दोन साड्या पिशवीत भरून बस धरली... आज दीड महिना झाला, रडू आलेलं नाही. आत काही हलतच नाही.

बाबांकडे एकच बैल होता, तांबडा. बौद्ध वस्तीतल्या लक्ष्मणकाकांकडेही एकच, पांढरा. मी चौथीत होते त्या वर्षी दोघांनी मिळून जोडी केली. एक दिवस आमचं वावर, एक दिवस त्यांचं, आणि चारा-दोरी सगळं अर्धं अर्धं. वावरात त्याचं कोणाला काही वाटलं नाही. पण पोळ्याला मारुतीसमोर तोरण बांधतात, आणि काकांच्या वस्तीतले बैल त्या तोरणाखाली येत नसत, मागे लिंबाजवळ उभे राहत. बाबांनी दोन्ही बैलांना सारख्याच झुली घातल्या आणि काकांना सोबत घेऊन तोरणाशी आले. कोणीतरी हसून म्हणालं, "काऊन बे, बैलाकडूनबी सोयरीक जोडली काय?" पाटील म्हणाले, तुझा पुढे घे, त्याचा मागे ठेव. काकांनी कासरा ओढून बैल वळवायला घेतला, तर बाबांनी त्यांचा हात धरला.

"पेरणीपासून एका जुवाखाली चालले हे, पाटील. आज कोणता मांगं ठेवू? जोडी हाय."

आणि चौघं तोरणाखालून गेले, दोन माणसं, दोन बैल.

संध्याकाळी बैठक बसली. पाचशे रुपये दंड, आणि बाबांनी मारुतीसमोर उभं राहून 'चुकलो' म्हणायचं. दंड दिला नसता तर काकांच्या वस्तीला गावात मजुरी मिळाली नसती, म्हणून दोघांनी अडीचशे-अडीचशे भरले. 'चुकलो' मात्र बाबा म्हणाले नाहीत.

पाचवीसाठी देऊळघाटला जावं लागे आणि पोरं पाटलांच्या जीपने जात. जूनमध्ये पाटलांच्या मुलाने मला जीपमधून उतरवलं. बापाला तो एक शब्द बोलू दे, मग बस, असं म्हणाला. बाबा घरी माझ्याजवळ बसले. "माय, म्हणू काय वं तो शब्द?" मी म्हणाले, म्हणा. ते उठून मारुतीपर्यंत गेले. मी दारातून बघत होते. बराच वेळ उभे राहिले... आणि परत आले. "नाही म्हणता आलं मले," म्हणाले. पंधरा दिवस त्यांनी मला सायकलवर नेलं, मग पेरणी लागली आणि सायकल थांबली ती थांबलीच. मी वाद घातला नाही, पण त्यांच्याशी बोलणं कमी केलं. काय हवं-नको तेवढंच. लग्न होऊन निघाले तेव्हा गाडीपाशी येऊन ते हळूच म्हणाले, "तुह्यापाशी चुकलो मी." मी मान खाली घातली. गाडीत जाऊन बसले.

तेरावीला पाटलांचा मुलगा आला. आता त्याचेही केस पिकलेत. जेवायला बसला नाही. भावापुढे पाकीट ठेवून म्हणाला, वडलांनी जाताना हे द्यायला सांगितलं होतं, माझ्याच्यानं पाय उचलला गेला नाही. शंभराच्या चार नोटा, पन्नासाच्या दोन. भाऊ म्हणाला, आता काय करायचे हे, घेऊन जा. मी चार माणसांत बोलणारी नाही. पण पाकीट मी उचललं, त्यातले अडीचशे घरात ठेवले आणि तशीच वस्तीत गेले.

लक्ष्मणकाका बाजेवर बसले होते. त्यांना आता दिसत नाही. अडीचशे त्यांच्या हातावर ठेवले आणि सांगितलं, पाटलाकडून दंड परत आला.

"तुह्या बापाचे?"

"आमच्या घरी ठेवले. हे तुमचे, काका."

त्यांनी एकेक नोट बोटांनी चाचपली, बंडीच्या खिशात घातली आणि खिसा वरून दाबला.

"हाव," म्हणाले. "पुरे आले."