हात उलटा करा

काका मंगळवारी सकाळी गेले. राहुलनं डॉक्टरांना फोन केला. आईनं पंखा बंद केला. दुपारी आम्ही स्मशानातून परत आलो आणि हात धुतले.

हात धुऊन मी बोटांच्या बेचक्या पुसल्या, नखांच्या कडा पुसल्या आणि सवयीनं नळापाशीच थांबले. आता मागून आवाज यायला हवा होता, "पुसलेस? मग दाखव." तो आला नाही, तेव्हा मला काका गेल्याचं कळलं.

हे लिहायला बसले ते रडण्यासाठीच. पण काकांविषयी गंभीर राहणं मला कधी जमलेलं नाही, आणि आजही जमेलसं दिसत नाही.

काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. बाबा मी शाळेत असताना गेले आणि काका आमच्या कात्रजच्या फ्लॅटवर राहायला आले ते कायमचे. सोसायटीतली पोरं त्यांना नखकाका म्हणत. कुणी त्यांना 'जय भीम' म्हणून हात जोडले, की काका उलट जय भीम करत, समोरच्याचे जोडलेले हात सोडवत, त्यातला एक धरत आणि उलटा करून नखं पाहत. ही त्यांची ओळख करून घेण्याची पद्धत. मतं मागायला आलेल्या एका उमेदवारालाही त्यांनी सोडलं नाही. "नखं कुरतडता? एवढी भीती वाटते तर उभं कशाला राहायचं?" तो गृहस्थ उरलेली सगळी इमारत हात खिशात घालून फिरला. मतं मागायला आलेला आणि हात न जोडणारा उमेदवार आमच्या सोसायटीनं पहिल्यांदाच पाहिला.

याचं मूळ त्यांच्या नोकरीत होतं. एका डेअरीत ते पॅकिंग विभागाचे सुपरवायझर होते. शिफ्ट सुरू होण्याआधी सगळ्यांना रांगेत उभं करून हात तपासायचे, आणि कुणाचं नख वाढलेलं किंवा नखाजवळची साल निघालेली दिसली, की त्याला त्या दिवशी दुधापासून लांबचं काम द्यायचे. निवृत्तीनंतर डेअरी सुटली. रांग काही सुटली नाही. फक्त आता तिच्यात पाहुणे, कुरिअरवाले आणि लिफ्ट दुरुस्त करणारे उभे राहू लागले.

नखाच्या कडेला टोचणारं ते बारीक सालपट निघतं ना, त्यावर काका बोलायला लागले की चहा गार व्हायचा. "ते काही आभाळातून पडत नाही. भांड्यांचा साबण, थंडी, ओले ठेवलेले हात. कातडी कोरडी पडली की फाटते. आणि फाटली की तुमच्यासारखे शहाणे ती ओढतात." ओढणं हा काकांच्या लेखी गुन्हा होता. ओढलेली साल जिवंत कातडी घेऊन निघते, मग बोट सुजतं, मग नखुर्डं होतं, मग माणूस रात्रभर बोट छताकडे करून बसतो. "पू झाला तर माझ्याकडे येऊ नका, डॉक्टरकडे जा. मी त्याच्या आधीचा माणूस आहे." त्यांचा उपाय साधा होता. कोमट पाण्यात बोट बुडवायचं, साल मऊ झाली की स्वच्छ पुसलेल्या नेलकटरनं मुळाशी कापायची, आणि वर खोबरेल तेलाचा थेंब. नखाच्या मुळाशी असते ती पातळ कड मात्र कुणालाही कापू द्यायचे नाहीत. "ती चौकट आहे नखाची. चौकट उखडून घर सुंदर दिसतं का?" माझी मैत्रीण ब्यूटी पार्लरमधून नखं करून आली, तेव्हा तिला त्यांनी हा प्रश्न तीनदा विचारला. तिनं नंतर आमच्याकडे हातमोजे घालून यायला सुरुवात केली, मे महिन्यात.

अशा माणसाच्या घरात मी साल ओढणारी निघाले. वाचताना माझा अंगठा आपोआप तर्जनीच्या कडेला जायचा. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, पुस्तकं घरी आणते. एकदा काकांनी एका पानाच्या कोपऱ्यावर रक्ताचा ठिपका पाहिला. चष्मा पुसून पान वाचलं, मागचं वाचलं, पुढचंही वाचलं. "वैशू, यात तर नुसती नदीची वर्णनं आहेत. तू कुणासाठी रक्त सांडतेस?"

त्यामुळे राहुलच्या घरची माणसं मला बघायला आली, त्या दिवशी माझा जीव टांगणीला लागला होता. राहुलची आणि माझी ओळख ग्रंथालयातलीच. मला तो हवा होता, आईची संमती होती, पण शेवटचा शब्द काकांचा होता. आणि काळजीनं मी सकाळीच माझं बोट सोलून ठेवलं होतं. ते पदराखाली धरून मी पोह्यांचा ट्रे एका हातानं आणला.

काका राहुलकडे वळले. "हात दाखवा."

राहुलच्या आई खुर्चीत पुढे सरकल्या. मंडळी नागपूरची, घरात पत्रिका नाही, मुहूर्त नाही, पण राहुलच्या आई पेपरातलं भविष्य चोरून वाचतात हे मला नंतर समजलं. "तुम्ही हातही पाहता जी? माझाही पाहा न!" त्यांनी तळवा पुढे केला. त्यांच्या यजमानांनी नको नको म्हणत आपलाही केला. राहुलचा होताच. तीन तळवे काकांसमोर ओळीनं आले.

"उलटे करा," काका म्हणाले.

"काहून? मागून काय दिसते?"

"पुढून दिसत नाही ते."

तिघांनी हात उलटे केले. राहुलच्या अंगठ्याची कड सोललेली होती, लालभडक. खोलीत कुणी पोहे चावेना.

"कधी ओढलंत?"

"आज सकाळी. टेन्शन आलं होतं, काका."

"कशाचं?"

"तुमचंच. वैशालीनं तुमच्याबद्दल सांगितलं होतं."

काका माझ्याकडे न बघताच म्हणाले, "वैशू, कोमट पाणी आण. एका वाटीत नाही, दोन वाट्यांत. एकाचं बोट दुसऱ्याच्या पाण्यात चालणार नाही. आणि ते पदराखालचं काढ बाहेर."

तर माझा बघण्याचा कार्यक्रम असा झाला. सोफ्यावर शेजारी शेजारी मी आणि राहुल, दोघांच्या मांडीवर एकेक वाटी आणि वाटीत एकेक बोट. काकांनी त्याची साल कापली, नेलकटर स्पिरिटनं पुसलं, मग माझी कापली, दोघांना तेल लावलं. राहुलच्या आई टाळ्या वाजवायच्या बेतात होत्या. शेवटी राहुलच्या वडिलांनी घसा साफ करून विचारलं, "मग, आपला निर्णय काय?"

"दोघंही ओढतात," काका म्हणाले. "वेगवेगळ्या घरांत दिली तर दोन घरांचे टॉवेल रक्तानं खराब. एकाच घरात टाका."

मी हसले तेव्हा वाटी सांडली. ते पाणी काकांच्या धोतरावर गेलं आणि लग्न ठरलं.

साखरपुड्यापर्यंत आम्ही दोघं रोज व्हिडिओ कॉलवर बोलायचो, आणि काका मागून येऊन फोनसमोर राहुलचा हात मागायचे. चेहरा त्यांनी कधी पाहिला नाही. अंगठी घालताना फोटोग्राफर म्हणाला, "वा, काय हात आहेत!" तेव्हा काका असे ताठ झाले, जणू ते हात त्यांच्याच डेअरीत पॅक झाले होते.

शेवटच्या आठवड्यात काका अंथरुणावरच होते, म्हणून मी आणि राहुल आमच्या घरून कात्रजला राहायला आलो होतो. सुई द्यायला येणाऱ्या सिस्टरनं नाडी बघायला मनगट धरलं, तर त्यांनी तिचाच हात उलटा केला. "सॅनिटायझरनं वाळलेत. तेल लावत जा, बाळा." सिस्टर बाहेर येऊन आईला म्हणाली, "पेशंट कोण आहे, तेच कळत नाही."

काल संध्याकाळी, बुद्धवंदना झाल्यावर, माणसं पांगली. मी त्यांच्या खुर्चीजवळ पुस्तक घेऊन बसले. एकही ओळ डोक्यात शिरत नव्हती आणि अंगठा तर्जनीच्या कडेला गेला. तिथं सालपट होतं. मी ते धरलं.

"वैशू," राहुल दारातून म्हणाला, "हात उलटा कर."

मी केला. तो स्वयंपाकघरात गेला आणि पाणी कोमट करून आला. त्यानं दोन वाट्या आणल्या होत्या. त्याच्याही अंगठ्याची साल निघाली होती.

काकांचं नेलकटर, तेलाची बाटली आणि त्या दोन वाट्या आता आमच्याकडे आहेत.