दुसरा ब्रेक

मोटार शिकवणाऱ्या शाळेच्या गाडीला दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली आणि दुसरा शिकवणाऱ्याच्या. मास्तरांचं अर्धं आयुष्य या दुसऱ्या ब्रेकवर गेलं होतं, आणि त्यांचा पाय घरी आल्यावरही सुटी घेत नसे. बायको कपात चहा ओतू लागली आणि कप काठोकाठ भरत आला, की टेबलाखाली मास्तरांचा पाय दाबला जायचा. सिनेमात नायक कड्याच्या टोकाशी गेला, की मास्तरांच्या पुढच्या खुर्चीवरचा माणूस वैतागून मागे वळून बघायचा. गल्लीतली मंडळी त्यांना ब्रेकमास्तर म्हणत, अगदी तोंडावर म्हणत, आणि त्याचा त्यांना कधी राग आला नाही. माणूस मोठा लोभस. इतर शिक्षकांनी घाबरट विद्यार्थी त्यांच्या गळ्यात मारावेत आणि त्यांनी ते हसत घ्यावेत. भर चौकात गाडी दुभाजकाला नाक लावून बंद पडली, चहूकडून भोंग्यांचा गजर सुरू झाला, तरी ते आपले सावकाश सांगत, "काही झालेलं नाही. आधी पाय काढा. आता हळूच मागे घ्या." तेवढ्यानेच समोरच्याच्या जिवात जीव यायचा.

एकच विद्यार्थी त्यांच्या हातून बिघडला. ती त्यांची लेक, एकुलती एक. ती गाडी चालवायला बसली की मास्तरांना धीर म्हणून धरवत नसे. रस्त्यात कुत्रं आलं, की तिचा पाय हलायच्या आत यांचा ब्रेक लागलेला. पोरीला वाटे, गाडी आपणच थांबवतो. मग परीक्षेला तिच्या शेजारी बसला एक जाडजूड अधिकारी. त्याला काय पडलं होतं पाय दाबायचं? पोरीने गाडी थेट मैदानाच्या कुंपणात नेऊन घातली. दुसऱ्या खेपेलाही तेच कुंपण. शेवटी तिने नाद सोडला. ब्रेकमास्तरांची मुलगी नापास म्हणून गल्ली पोट धरून हसली, पण चूक कोणाची हे घरात तिघांनाही माहीत होतं.

आता त्याच लेकीला दूरच्या शहरातल्या एका इस्पितळाने प्रयोगशाळेत नोकरी देऊ केली होती. सोमवारी होकार कळवायचा होता. "बाबा, तुम्ही हो म्हणा, मग मी कळवते," असं ती म्हणाली होती, आणि मास्तर रोज "बघू" म्हणून वर्तमानपत्रात तोंड खुपसत होते. नाही म्हणायची त्यांची हिंमत नव्हती आणि हो म्हणायला जीभ रेटत नव्हती. रविवारी लेकच म्हणाली, "डोंगरावर जाऊ या तिघं. वर पोचलो की सांगा." शिखर बरंच लांब होतं, म्हणून मास्तर लगेच तयार झाले.

वाट चिंचोळी होती. एका बाजूला चढ, दुसऱ्या बाजूला उतार, दोन्हीकडे दाट झुडपं. लेक पुढे, मध्ये चहाचा थर्मास आणि दुखरे गुडघे सांभाळत आई, शेवटी मास्तर. लेकीचा पाय जरा सरकला की मागे यांचा पाय दाबलाच म्हणून समजा. "अहो, नीट चाला ना," बायको म्हणाली. "तुमच्या दणदणाटाने डोंगर खाली यायचा."

एका वळणावर झुडूप हललं आणि रानडुकरीण वाटेवर आली. मागोमाग पट्ट्यापट्ट्यांची पिल्लं. लेकीत आणि तिच्यात एका खोलीचंही अंतर नव्हतं. मास्तरांच्या पायाने आपलं काम चोख बजावलं. होता नव्हता तेवढा जोर लावून त्यांनी ब्रेक दाबला. पायाखाली होता सुटा दगड. तो निसटला आणि आपटत, धडधडत उतारावरून खाली गेला. डुकरिणीच्या मानेवरचे केस ताठ झाले. तिने मान खाली घातली आणि फुत्कारत ती लेकीच्या दिशेने पुढे सरकली.

मास्तरांचा पाय तसाच दाबलेला. त्याखाली आता नुसती माती होती, आणि पुढची गाडी काही त्यांच्या हातात नव्हती.

"काही झालेलं नाही," लेक मागे न बघता सावकाश म्हणाली. "बाबा, आधी पाय काढा. आता हळूच मागे घ्या. आई, तू बाबांच्या मागोमाग."

मास्तरांनी पाय उचलला. आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी त्यांना गाडी मागे घ्यायला सांगत होतं, आणि ते मुकाट्याने ऐकत होते. तिघंही जीव मुठीत धरून, एकेक पाऊल चाचपत वळणाआड आले. डुकरीण थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग तिने पिल्लांना पुढे घातलं आणि झुडपं मोडत ती खाली निघून गेली.

आवाज थांबला तशी लेक मटकन खाली बसली. आईने थर्मासच्या झाकणात तिला चहा ओतून दिला.

"गाडी मागे बरी घेतलीस गं," आई रडत रडतच हसली. "परीक्षेत हेच विचारायला हवं होतं."

लेकीला हसू आलं नाही. "बाबा," ती म्हणाली, "मला तिकडे जायची भीती वाटते. इतके दिवस तुमच्या मागे लागले ना, पण मनातून वाटायचं, तुम्ही नाही म्हणाल. म्हणजे मी सुटेन. आत्ताच नाही म्हणून टाका ना."

मास्तर तिच्याशेजारी बसले. जो शब्द त्यांना इतके दिवस गिळावा लागला होता, तोच आता पोरगी मागत होती. नुसता उच्चारायचा अवकाश, की ती घरात राहिली असती. संध्याकाळी जिन्यात तिची पावलं वाजली असती, आणि कोणी यांना बोलही लावला नसता. बायको त्यांच्याकडे बघत होती.

"मगाशी तू घाबरली होतीस?" त्यांनी विचारलं.

"खूप."

"तुझ्या आवाजावरून कळलं नाही मला." मास्तरांनी पाय दुमडून मांडी घातली. "'नाही' असं मी म्हणणार नाही. घाबरत जा, बाळा. पण जा."